पाठीकडून बघा: चर्चमधल्या लग्नासाठी व्हेल कशी निवडावी

चर्चमधलं लग्न साधारण तासभर चालतं आणि त्यातला बराचसा वेळ नवरीचं तोंड वेदीकडे असतं. बाकांवर बसलेल्या पाहुण्यांना तेवढा वेळ तिची पाठच दिसते. तरी दुकानात व्हेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडायची जाळीची ओढणी, बघायला आलेली नवरी आरशासमोर उभी राहते, पुढून बघते, हनुवटी वर-खाली करते, "छान वाटतेय" म्हणते आणि पैसे देऊन मोकळी होते. मागे ती व्हेल पदराची सगळी जर झाकतेय की कमरेवर मधेच संपतेय, हे अल्बम हातात आल्यावर कळतं. म्हणून व्हेल पाठीकडून निवडायची. सोबत बहीण किंवा मैत्रीण न्या, तिला मागे दहा पावलांवर उभी करा आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगा. पुढे जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हा फोटो लागणार आहे.

नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत पांढऱ्या साडीवर व्हेल ही जुनी पद्धत. गाऊन घालणाऱ्याही पुष्कळ. दुकानदार मात्र बहुतेकदा गाऊनचाच विचार करून व्हेल दाखवतो, आणि साडीवाली नवरी तीच घेऊन घरी येते. साडीचं गणित वेगळं असतं, त्यामुळे इथे साडीबद्दल जरा जास्त लिहिते.

खरेदीआधी चर्चमध्ये एक चक्कर

व्हेल घ्यायचीच, अशी सक्ती कुठे नाही. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला साक्षीदार लागतात, व्हेल नाही. काही चर्चच्या मंडळ्यांमध्ये डोकं झाकलेलं असावं एवढी अपेक्षा असते आणि तिथे साडीचा पदर डोक्यावर घेतला तरी चालतं. पण हे पाळकसाहेबांना किंवा फादरना आधी विचारून घ्या. लग्नाच्या पुकारांसाठी, म्हणजे चर्चमध्ये लग्न आधी जाहीर करतात त्यासाठी, तुम्हाला चर्चमध्ये जावं लागणारच आहे, त्याच फेरीत हे काम उरका.

विचारायचं काय? चेहऱ्यावर जाळी घेऊन आत यायची पद्धत आहे का, असेल तर ती कोण वर करतं, वडील की नवरदेव, आणि नेमकी केव्हा. गुडघे टेकायचे असतात का, आणि किती वेळ. मंगळसूत्र विधीत कधी घालतात. मेणबत्त्या नवरा-नवरीने पेटवायच्या आहेत का. याशिवाय दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघून या: बाकांमधली वाट किती रुंद आहे आणि कूलर कुठे ठेवतात.

कूलरचं हसू येईल, पण लग्नाची तारीख बघा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत आपल्याकडे सहसा लग्नं ठेवत नाहीत. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या काळात कधीही येतो. त्यामुळे ईस्टरनंतर लग्नांची जी रांग लागते ती एप्रिलअखेर आणि मे महिन्यात. नागपूरचा मे म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवशी दाराशी ठेवलेल्या मोठ्या कूलरचा झोत हलक्या नेटवर आला, की व्हेल सरळ तोंडावर येते. याचा उपाय पुढे येईल. मे महिन्यात दुपारचं लग्न असेल तर एक पदरी, म्हणजे नेटचा एकच थर असलेली, व्हेल घ्या. दोन पदरी, मोत्यांनी भरलेली व्हेल डिसेंबर-जानेवारीच्या नवरीने घ्यावी.

साडी किंवा गाऊन ठरल्याशिवाय व्हेल बघू नका

दुकानात टांगलेली सुंदर व्हेल बघून आधी ती घेणं आणि मग तिला शोभेलशी साडी शोधणं, हा उलटा कारभार. आधी साडी, मग ब्लाऊज शिवून, मग केसांची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी व्हेल.

सुरुवात रंगापासून करा. पांढरा म्हणून एकच रंग नसतो. शुभ्र पांढरा निळसर झाक मारतो, ऑफ व्हाइट किंचित पिवळट असतो, क्रीम त्याहून गडद. बनारसी किंवा टिश्यूची 'पांढरी' साडी बहुतेकदा क्रीमकडे झुकलेली असते, कारण सोनेरी जर तिला आणखी उबदार करते. अशा साडीवर शुभ्र नायलॉनची व्हेल घातली की साडी मळकट वाटते. दोष साडीचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. साडी शुभ्र, चंदेरी जरीची असेल तर शुभ्र व्हेल चालेल. सोनेरी जर असेल तर ऑफ व्हाइट घ्या. शंका आली तरी ऑफ व्हाइटच, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला तो जास्त खुलतो.

ब्लाऊजपीसमधला उरलेला तुकडा पर्समध्ये ठेवा. गाऊन असेल तर टेलरकडून आतल्या शिवणीतला कपटा मागून घ्या. दुकानातल्या एलईडी दिव्याखाली रंग ठरवू नका. नेट आणि तुकडा घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उन्हाच्या उजेडात बघा. आता एक बारकावा. हीच नेट आधी तुकड्यावर ठेवा, मग स्वतःच्या काळ्या केसांवर ठेवा. कापडावर जवळजवळ अदृश्य असणारी नेट केसांवर धुक्यासारखी पांढुरकी दिसते. दोन पदर ठेवले तर आणखी पांढरी. डोक्यावर तुम्हाला किती पांढरं हवंय, यावरून एक पदर की दोन ते ठरवा. अंबाडा आणि त्यावरची फुलं दिसायला हवी असतील तर एकच पदर.

मग काम. साडीला किंवा गाऊनला भरगच्च काम असेल तर व्हेल साधी, कडेला काहीही नको. साडी साधी असेल, म्हणजे ऑर्गेंझा किंवा बारीक काठाची क्रेप, तर व्हेलला लेस लावायला वाव आहे. दोन्ही भरलेलं असेल तर फोटोत दोन्हीचं काम दिसत नाही. लेस लावायचीच असेल तर गाऊनच्या लेसशी तिचा बाज जुळला पाहिजे; फुलांच्या लेसवर भौमितिक नक्षी उगाच खटकते. चारी बाजूंनी रुंद लेस असलेली, डोक्यावर चुण्या न घालता सपाट ठेवायची एक स्पॅनिश तऱ्हा असते, तिला मँटिला म्हणतात. साडीवर मला तीच सगळ्यांत आवडते. ती पदरासारखीच डोक्यावरून उतरते, आणि साडी नेसलेल्या बाईच्या अंगावर ती परकी वाटत नाही. फक्त साडीचे काठ बारीक हवेत.

लांबी

लांबी मोजायची ती व्हेलला शिवलेला कंगवा केसांत जिथे बसणार तिथून खाली, इंचात, आणि लग्नात घालायच्या सँडल घालून. बाजारात ठरलेल्या लांब्या अशा: कोपरापर्यंतची साधारण 25 ते 30 इंच, बोटांच्या टोकांपर्यंतची 36 ते 40, पोटरीपर्यंतची 60 च्या आसपास, जमिनीपर्यंतची 72, मागे जराशी लोळणारी चॅपल 90 आणि चांगली लोळणारी कॅथेड्रल 108 किंवा त्याहून जास्त. चेहऱ्यावर येणारा पुढचा पदर वेगळा, 28 ते 30 इंच.

हे आकडे उंच बायकांच्या मापाने बांधलेले आहेत. पाच फुटांच्या नवरीला बोटांपर्यंतची व्हेल 34-35 इंचातच पुरी होते, आणि 72 ची 'जमिनीपर्यंतची' व्हेल वीतभर लोळते. त्यामुळे नाव सांगून व्हेल मागू नका, इंच सांगून मागा.

घरी करून बघण्याचा सोपा मार्ग: जुनी नेटची किंवा शिफॉनची ओढणी घ्या. ती सव्वादोन ते अडीच मीटर असते, म्हणजे साधारण 89 ते 98 इंच. लग्नाची साडी नेसा, केस साधारण तसेच बांधा आणि ओढणीचं टोक अंबाड्याच्या वर पिनांनी लावा. खालचा भाग दुमडत दुमडत 40, 60, 72 अशा लांब्या करा आणि प्रत्येक लांबीचा मागून फोटो घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. याच्याइतकी खरी माहिती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

फोटोत पहिल्यांदा व्हेलची खालची रेघ शोधा. डोळा तिथेच थांबतो. ती रेघ कमरेच्या सगळ्यांत रुंद भागावर आली तर कंबर आणखी रुंद दिसते, म्हणून चार इंच वर किंवा सहा इंच खाली न्या. साडीत आणखी एक रेघ असते, पदराच्या टोकाची. पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला असतो आणि साधारण गुडघ्यांच्या आसपास संपतो. व्हेलही तिथेच संपली तर डावीकडे दोन काठ एकमेकांवर येऊन गोंधळ होतो. पदर दाखवायचा असेल तर व्हेल कोपर ते बोटं यांमध्ये थांबवा, पदराचं खालचं सगळं काम मोकळं राहील. पदर साधा असेल तर व्हेल त्याच्या चांगली खाली, पोटरीपर्यंत जाऊ द्या. अधलंमधलं काही नको.

गाऊनला मागे जमिनीवर लोळणारा घोळ असेल तर एकच नियम: व्हेल घोळाच्या बरीच वर संपावी, नाहीतर घोळाच्या पुढे निदान सहा इंच जावी. घोळाच्या अर्ध्यात संपलेली व्हेल कापड कमी पडल्यासारखी दिसते. पाठीवर बटणांची रांग किंवा नेटचं काम असेल तर एक पदरी, बिनलेसची. नाहीतर त्या कामाचे पैसे वाया.

नवरी ठेंगणी असेल तर लांब पण अरुंद व्हेल उंची वाढवते. कोपरापर्यंतची फुगीर व्हेल तिला मधोमध कापते. उंच नवरीला काहीही चालतं. चेहरा गोल असेल तर डोक्यावर थोडी उंची द्या, लांबट असेल तर वर सपाट आणि बाजूंनी भर द्या. चेहऱ्याच्या आकारांचे जे तक्ते फिरतात, त्यांना मी यापलीकडे फार किंमत देत नाही. खांदे आणि पाठ यांनी जास्त फरक पडतो. खांदे रुंद असतील तर खांद्यावर फुगणारी दोन पदरी व्हेल टाळा.

आणि कॅथेड्रल लांबीचा मोह. नागपुरातल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स किंवा सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलच्या मधल्या वाटेवरून नऊ फुटांची व्हेल मागे सरकत येते तेव्हा ती शोभते. तीच कॉलनीतल्या छोट्या चर्चच्या दोन बाकांमधल्या अरुंद वाटेत प्रत्येक बाकाच्या पायात अडकते आणि एखादी मावशी हमखास विचारते, "एवढी लांब काहून घेतली व?" 2018 मध्ये जोधपूरला प्रियंका चोप्राची व्हेल 75 फुटांची होती, ती धरायला माणसं लागली होती आणि पसरायला राजवाड्याचं आवार होतं. तुमच्याकडे दोन करवल्या आणि एक फ्लॉवर गर्ल आहे. त्या बेताने ठरवा.

विकत की शिवून

तयार व्हेल सदर आणि सीताबर्डीत मिळते. पण साधी, बिनलेसची व्हेल शिवून घेणं हे ब्लाऊज शिवण्यापेक्षा सोपं काम आहे, आणि माप तुमचं असतं. कापड मॅचिंग सेंटरमध्ये किंवा इतवारी-गांधीबागेतल्या कापडबाजारात मीटरवर मिळतं.

मागताना 'सॉफ्ट नेट' म्हणा. नुसतं नेट म्हटलं की दुकानदार हमखास घागऱ्याखाली लावायची कडक जाळी काढतो आणि वर सांगतो, "कॅनकॅन घेऊन जा ना मॅडम, मस्त फुलते." ती घागरा फुलवायला आहे, डोक्यावर ती तंबू होते. पारख हाताने करा: नेटचं टोक मुठीत चुरगाळून सोडा. लगेच उसळून उभं राहिलं तर कडक आहे. मऊ होऊन खाली लोंबलं आणि चुणी फारशी राहिली नाही, तर तेच कापड. मग दुकानदाराला ठाणाचं टोक उंचावरून सोडायला सांगा आणि ते कसं पडतं ते लांबून बघा. ऑर्गेंझा दिसायला देखणी असते, पण ती पडत नाही, उभी राहते. लहान व्हेलला ठीक, लांबीला नको.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नका. साडीवरच्या व्हेलला 58-60 इंच पन्हा पुरेसा आहे. तो चार इंचांच्या कंगव्यावर चुण्या घालून बसवला की मध्यम भर येते. गाऊनसाठी भरदार हवी असेल तर दुप्पट पन्ह्याची नेट शोधावी लागते. 44 पन्ह्याचे दोन तुकडे जोडू नका, मधली शिवण पाठीवर सरळ रेघ होऊन उमटते.

कापड किती? बोटांपर्यंतची 40 इंची व्हेल, चेहऱ्यावरचा पदर नको असेल, तर सव्वा मीटर. चेहऱ्यावरचा 30 इंची पदर हवा असेल तर एकूण 70 इंच, म्हणजे दोन मीटर घ्या. एकाच तुकड्याची दुमड कंगव्यावर येते, वेगळा पदर जोडावा लागत नाही. 108 इंचांची असेल तर तीन मीटर, आणि तिलाच पुढचा पदर हवा असेल तर पावणेचार.

टेलरला दोन सूचना स्पष्ट द्या. एक, कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरे खाली टोकदार लोंबतात. दोन, कडेला पिको करू नका. नेटचे धागे उसवत नाहीत, त्यामुळे धारदार कात्रीने सरळ कापलेली कड तशीच राहू शकते आणि ती सगळ्यांत हलकी दिसते. सवयीने टेलर पिको मारून देतोच, आणि मग कड लाटांसारखी फुगते. कडेला काही हवंच असेल तर बारीक साटिनची पट्टी किंवा विरळ मोती.

मोत्यांबद्दल जरा थांबून विचार करा. मागच्या खालच्या भागात मोजके मोती उलट कामाचे असतात, कूलरच्या झोताला तेच उत्तर आहे: खालच्या गोलाईत वीतभर अंतराने एकेक मोती टाकला की व्हेल जागेवर राहते. पण वरच्या भागात, खांद्याच्या उंचीवर मोती किंवा कटदाणा (काचेचे बारीक मणी) नको. तो साडीच्या जरीत आणि खांद्यावरच्या ब्रोचमध्ये अडकतो. मान वळवली की व्हेल ओढली जाते, आणि सोडवायला गेलं की जरीचा धागा निघतो. ब्रोचऐवजी खांद्यावर आतून साधी सेफ्टी पिन लावा.

केस, कंगवा आणि फुलं

ही ट्रायल पार्लरमध्ये व्हेल सोबत नेऊनच करा. व्हेल नंतर लावू म्हणणाऱ्या मेकअपवाल्या ताईला नम्रपणे नाही म्हणा, कारण कंगवा कुठे बसणार यावर अंबाड्याची उंची ठरते.

जागा दोन. अंबाड्याच्या वर, डोक्याच्या माथ्यामागे कंगवा खोचला तर व्हेल अंबाडा झाकते आणि उंची मिळते. चेहऱ्यावरचा पदर असेल तर हीच जागा. अंबाड्याच्या खाली, मानेवर खोचला तर अंबाडा आणि गजरा उघडा राहतो, व्हेल पाठीवरून उतरते. साडीवर आणि गजऱ्यावर जीव असेल तर ही दुसरी जागा. मात्र मानेखाली खोचलेली व्हेल मंगळसूत्र घालताना नेमकी आड येते, ते लक्षात ठेवा.

गुळगुळीत, नुकत्याच शाम्पू केलेल्या केसांत कंगवा सरकतो. केस आदल्या दिवशी धुवा. कंगवा बसणार त्या जागी दोन काळ्या क्लिपा फुलीसारख्या लावून घ्या, मग कंगव्याचे दात त्या फुलीत अडकवा. टेलरकडून कंगव्याच्या दोन्ही टोकांना छोटे दोऱ्याचे फास शिवून घ्या; त्यांतून यू पिन घातली की व्हेल कोणाच्या पायाखाली आली तरी लगेच उपटत नाही. केस आखूड किंवा विरळ असतील तर कंगव्याऐवजी व्हेल पातळ हेअरबँडवर शिवा. चष्मा असेल तर चेहऱ्यावरचा पदर दोनदा विचार करून घ्या: जाळी काचांवर टेकते, श्वासाने काच धुरकट होते आणि वाटेवर पायरी दिसत नाही.

मोगऱ्याचा गजरा लावताना तो अंबाड्याला बांधा, व्हेलला नाही. ओल्या दोऱ्याने नेट चिकटते आणि डाग पडतो.

नागपूरच्या नवरीसाठी एक खास सुचवणं आहे. राणी व्हिक्टोरियाने 10 फेब्रुवारी 1840 ला लग्न केलं तेव्हा तिच्या डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट नव्हता, संत्र्याच्या फुलांचं कडं होतं, आणि त्यानंतर व्हेलसोबत संत्र्याची फुलं घालायची मोठी चाल पडली. थंड देशात ती मेणाची बनवत. आपल्याकडे काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या बागांत आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत झाडावर असतात. त्या दिवसांत लग्न असेल आणि ओळखीत कोणाची बाग असेल तर पाच-सहा डहाळ्या मागून बघा. जास्त मागू नका. शेतकऱ्यासाठी ते फूल म्हणजे पुढचं फळ आहे. पहाटे तोडून ओल्या कापडात ठेवलेलं फूल विधीपुरतं टिकतं, नंतर पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. बाकीच्या महिन्यांत कापडी फुलं बरी.

घालून चाला, वाका, बसा

लग्नाच्या आठवडाभर आधी घरी एकदा सगळं घालून बघा. साडी, सँडल, केस, व्हेल.

गुडघे टेकून बघा. लांब व्हेल असलेली नवरी उशीवर गुडघे टेकते तेव्हा मागचा भाग तिच्याच टाचांखाली जातो. उठताना टाच नेटवर, डोकं वर, आणि कंगवा केसांसकट मागे ओढला जातो. यावर उपाय करवलीकडे आहे: नवरी वाकायच्या आधी तिने व्हेल दोन्ही हातांनी उचलून उजवीकडे काढायची, आणि नवरी पूर्ण उभी राहिल्यावर मागे पसरायची. डावीकडे पदर असतो, म्हणून उजवीकडे. हे दोघींनी घरी चार-पाच वेळा करून बघा.

मंगळसूत्राची तालीम घ्या. नवरदेवाला मागून आकडा लावायचा असतो. त्याच्या समोर नेटचे दोन पदर, गजरा आणि ब्लाऊजची नॉट असते, आणि सगळं चर्च बघत असतं. इथेही करवलीने व्हेल खालून वर न उचलता एका बाजूने पुढे खांद्यावर घ्यावी. मान मोकळी होते आणि कंगव्यावर ताण येत नाही. मंगळसूत्राचा आकडा नेटमध्ये अडकलाच तर ओढू नका, विधी पुढे चालू द्या, नंतर सावकाश सोडवता येतो.

चेहऱ्यावरचा पदर वर करायची तालीम नवरदेवाला द्या. खालची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, सरळ वर, डोक्यावरून मागे. पुरुषमंडळी ती बाजूला सारायला बघतात, पडद्यासारखी, आणि अर्धी बिंदीत अडकते. बिंदी, मांगटीका घालणार असाल तर चेहऱ्यावरचा पदर सोडून द्या. मे महिन्यातही सोडून द्या. घामाने जाळी गालाला चिकटते आणि फाउंडेशनचा ठसा घेऊन येते.

त्या दिवशी आणि नंतर

चुण्या काढायला थेट इस्त्री नको, नायलॉन वितळतं. वाफेची इस्त्री लांबून फिरवा, नाहीतर आदल्या रात्री व्हेल हँगरला लावून गरम पाण्याची वाफ धरलेल्या बाथरूममध्ये अर्धा तास टांगा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नेट अंगाला आणि केसांना चिकटते. लोखंडी हँगर व्हेलच्या आतून वरपासून खालपर्यंत फिरवला की तो चिकटपणा जातो. परफ्यूम आणि हेअरस्प्रे व्हेल लावायच्या आधी. गाडीत बसताना व्हेल मांडीवर घ्या आणि दार लावायच्या आधी करवलीने कड तपासावी.

आगीबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. नेट क्षणात पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. मेणबत्ती पेटवायची असेल तर व्हेल पूर्ण पाठीमागे असावी आणि करवली जवळ उभी असावी. रिसेप्शनला हल्ली एंट्रीच्या वेळी ठिणग्यांची कारंजी लावतात, तिथे व्हेल नकोच. तशीही रंगीत साडी बदलायची असतेच. व्हेल चर्चमध्येच काढून, गुंडाळून पिशवीत.

घरी आल्यावर ती दुसऱ्या दिवशीच धुवा. थंड पाण्यात सौम्य लिक्विड, हाताने, न पिळता, आणि टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा. मानेवरची हळद आदल्या दिवसाची असली तरी नेटच्या कडेला लागतेच. साबणाने न गेलेला तो पिवळा डाग धुतल्यावर थोडा वेळ उन्हात धरा, हळद उन्हाने फिकी पडते. लिपस्टिकच्या डागाला मागून जुनं पांढरं फडकं लावून लिक्विड टिपा, घासू नका. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या मलमलीत सैल गुंडाळून, डांबरगोळी कापडाला न लावता.

बहिणीची किंवा वहिनीची व्हेल घरात असेल तर आधी तीच घालून मागून फोटो घ्या. लांबी जास्त असेल तर साध्या कडेची व्हेल खालून कापता येते. लेसवाली असेल तर वरून, कंगव्याकडून, म्हणजे लेस शाबूत राहते. अर्थात, जिची आहे तिला विचारून. भाड्याची घेणार असाल तर घेतानाच उजेडात पूर्ण पसरून बघा, आधीचे डाग आणि फाटलेल्या जागा दुकानदाराला दाखवून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि कंगवा मात्र स्वतःचा नवा बसवून घ्या.